बत्तिसाव्या सेकंदाला तुटणारा फोन

पार्श्वभूमी

प्रयोगशाळांची उपकरणं दुरुस्त करून देणारी एक संस्था. कार्यालयात चाळीसेक माणसं, बाहेर फिरणारे बारा तंत्रज्ञ, आणि सगळ्या कामाचा दरवाजा म्हणजे नऊ खुर्च्यांचा मदतकक्ष. मशीन बंद पडलं की ग्राहक इथे फोन करतो. फोन लागला नाही किंवा मध्येच तुटला, तर तो पुढच्या वेळी दुसरीकडे करतो.

संस्थेकडे जुनी टेलिफोन यंत्रणा होती. भिंतीवर एक मोठी पेटी, तिच्यातून निघालेल्या तारा आणि प्रत्येक टेबलावर एक फोन. पेटी म्हातारी झाली होती, सुटे भाग मिळेनासे झाले होते. शिवाय संचालकांना नव्या गोष्टी हव्या होत्या: एकच नंबर कार्यालयात आणि तंत्रज्ञाच्या मोबाइलवरही वाजावा, कॉलची नोंद आपोआप व्हावी, बिघडलेलं मशीन ग्राहकाने व्हिडिओवर दाखवावं. म्हणून त्यांनी इंटरनेटवरून चालणारी टेलिफोन सेवा घेतली. टेबलावर नवे फोन आले, मोबाइलमध्ये सेवेचं ॲप आलं. एका सुट्टीच्या दिवशी जुनी पेटी बंद करून सगळे फोन एकदम नव्या सेवेवर टाकले. त्याच दिवशी राउटरही नवा बसवला.

मी या गोष्टीत शिरलो तिसऱ्या आठवड्यात. तोवर मदतकक्षातल्या लोकांनी नव्या फोनला नावं ठेवायला सुरुवात केली होती, आणि ती इथे छापण्यासारखी नाहीत. (संस्थेची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. तांत्रिक भाग घडला तसाच आहे.)

अडचण

माझ्याकडे तक्रार आली ती एका वाक्यात: "आवाज तुटतो."

तीन आठवडे हे एकच वाक्य सेवा देणाऱ्या कंपनीकडे, इंटरनेटवाल्याकडे आणि राउटर बसवणाऱ्याकडे फिरत होतं. कंपनी म्हणे, आमच्या सर्व्हरवर सगळं ठीक दिसतंय, तुमची लाइन तपासा. इंटरनेटवाला म्हणे, वेग पूर्ण मिळतोय. राउटरवाल्याने दोनदा राउटर बंद करून चालू केला. तिघंही उंटावरून शेळ्या हाकत होते, आणि खरं सांगायचं तर तिघांचंही आपापल्या पुरतं बरोबर होतं.

पहिल्या दिवशी मी काहीच दुरुस्त केलं नाही. मदतकक्षात एक रिकामी खुर्ची घेऊन बसलो आणि ऐकत राहिलो. तासाभरात लक्षात आलं की "आवाज तुटतो" या दोन शब्दांत तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या होत्या. काहींचा कॉल खरोखर बंद पडत होता. काहींचा कॉल चालू राही, पण समोरच्याचा आवाज डबा वाजवल्यासारखा फाटे. आणि व्हिडिओ बैठक असली की खोलीत आपलाच आवाज घुमून परत येई.

तिथे सर्वांत जुन्या असलेल्या ताईंना मी एक वही दिली. चार रकाने आखले: कॉल आलेला की केलेला, टेबलावरचा फोन की ॲप, उचलल्यापासून किती वेळाने बिघडलं, आणि काय झालं. शेवटच्या रकान्यात फक्त तीनच शब्द चालतील असं ठरलं: तुटला, फाटला, घुमला. ताई म्हणाल्या, "सर, ते कॉम्प्युटरमध्ये येतंच की सगळं, वही कशाला?" येत होतं, पण त्यात एक गोची होती, ती पुढे कळली.

दोन दिवसांनी वही उघडली तेव्हा "तुटला"च्या समोर एकाखाली एक आकडे होते: ३२, ३१, ३२, ३३, ३२. सगळे आलेले कॉल, सगळे टेबलावरच्या फोनवर. केलेला एकही कॉल तुटला नव्हता. ॲपवरचाही नाही.

मग तीन आठवडे हे कुणालाच का दिसलं नाही? दोन कारणं. मदतकक्षात येणारे बरेच कॉल अर्ध्या मिनिटाच्या आत संपतात: माणूस कधी येतोय, पावती मिळाली का, एवढंच. ते नीट पार पडत, म्हणून बिघाड "कधीमधी" होतो असं वाटे. प्रत्यक्षात तो शंभर टक्के होता. दुसरं कारण त्या गोचीचं. संगणकातली कॉलची नोंद ग्राहकाचा फोन लागल्यापासून सुरू होई. ग्राहक आधी स्वागताचं ध्वनिमुद्रण ऐके, मग पर्याय दाबे, मग रांगेत थांबे. त्यामुळे तुटलेले कॉल नोंदीत कुठे ५५ सेकंदांचे, कुठे सव्वादोन मिनिटांचे दिसत. काही धागाच लागेना. ताईंचं घड्याळ सुरू होई ते त्यांनी रिसीव्हर उचलल्यापासून.

समोरचे पर्याय

वही हाती येण्याआधी संस्थेने चार गोष्टींचा विचार केला होता आणि एक केलीही होती. इंटरनेटची वरची योजना घेतली होती. डाउनलोडचा वेग १०० वरून २०० मेगाबिट झाला, अपलोड मात्र होता तेवढाच राहिला, १०. फरक शून्य. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असला प्रकार. साधा हिशोब आधी मांडला असता तर हा खर्च वाचला असता. आवाजाचे आकडे करून पाठवायच्या जी.७११ या जुन्या, भरपूर जागा खाणाऱ्या पद्धतीनेसुद्धा एका कॉलला सगळं वेष्टन धरून प्रत्येक दिशेला साधारण ८७ किलोबिट लागतात. नऊच्या नऊ खुर्च्या एकदम बोलत असल्या तरी ८०० किलोबिटच्या आत. वेग कमी पडण्याचा प्रश्नच नव्हता.

जुन्या पेटीकडे परत जावं असं मदतकक्षाच्या व्यवस्थापक मॅडमचं मत होतं, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. रोज शिव्या त्यांना खाव्या लागत होत्या. सेवा देणारी कंपनी बदलावी, हा संचालकांचा कल. पण नंबर एका कंपनीकडून दुसरीकडे न्यायचा म्हणजे पुन्हा नवी जुळवाजुळव, आणि दोष आपल्याच कार्यालयात असेल तर तो नव्या कंपनीबरोबरही तसाच नांदणार. राउटर बदलावा, असं राउटर विकणाऱ्याचं म्हणणं होतं. त्याचं आश्चर्य वाटलं नाही.

मी एक आठवडा मागितला. मॅडमनी विचारलं, "आठवडाभर ग्राहकांना काय सांगू?" प्रश्न रास्त होता. तेव्हा असं ठरवलं की तोवर येणारे कॉल मोबाइलच्या ॲपवर घ्यायचे, कारण वहीप्रमाणे ॲपवर कॉल तुटत नव्हता. टेबलावरचा फोन फक्त बाहेर कॉल करायला. नऊ जणांनी हेडफोन लावून मोबाइलवर काम केलं. कुणालाच आवडलं नाही, पण कॉल तुटायचे थांबले. हा तात्पुरता उपाय नंतरच्या मोठ्या निर्णयाइतकाच महत्त्वाचा ठरला. मदतकक्षाचा जीव भांड्यात पडला आणि घाईने काहीतरी विकत घ्यायचा दबाव गेला.

काय केलं

बत्तीस हा आकडा या क्षेत्रातल्या माणसाला ओळखीचा असतो. इंटरनेटवरच्या फोनचं बोलणं आणि फोन जोडण्याचं काम हे दोन वेगळ्या वाटांनी चालतं. जोडायचं, उचलल्याचं कळवायचं, ठेवल्याचं कळवायचं, हे निरोप सिप नावाच्या पद्धतीने जातात. तिचे नियम २००२ साली आरएफसी ३२६१ या दस्तऐवजात पक्के झाले. आवाजाचे छोटे तुकडे, म्हणजे पॅकेटं, स्वतंत्र जातात. म्हणून असं होऊ शकतं की बोलणं झकास चालू आहे आणि मागे निरोपांचा घोळ झालेला आहे.

फोन उचलला की तो "उचलला" असा निरोप पाठवतो आणि पलीकडून "पोचला" अशी पोच मागतो. पोच आली नाही तर अर्ध्या सेकंदाने तोच निरोप पुन्हा, मग एका सेकंदाने, दोन सेकंदांनी, पुढे दर चार सेकंदांनी. हे ३२ सेकंद चालतं. तोवर पोच आली नाही तर फोन समजतो की पलीकडे कुणी नाहीच, आणि कॉल ठेवून देतो. माणसं बोलत असली तरी.

एका टेबलावरच्या फोनची पॅकेटं मी वायरशार्क या तपासणीच्या प्रोग्रॅममध्ये पकडली. "उचलला" हा निरोप पहिल्यांदा गेला आणि मग मोजून दहा वेळा पुन्हा गेला. पोच एकदाही आली नाही. त्याच कॉलची सर्व्हरकडची नोंद मी सेवा कंपनीकडून मागवली आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. निरोप तोच, पण त्यातला परतीचा पत्ता वेगळा. आमच्या कागदावर फोनचा आतला पत्ता होता, १९२.१६८ ने सुरू होणारा, आणि पोर्ट, म्हणजे त्या पत्त्यावरच्या दाराचा नंबर, ५०६०. कंपनीच्या कागदावर त्या जागी कार्यालयाचा बाहेरचा पत्ता आणि भलताच पोर्ट. मध्ये कुणीतरी पाकीट फोडून पत्ता बदलला होता.

हे काम राउटरचं. बऱ्याच राउटरमध्ये सिप एएलजी नावाची सोय असते आणि अनेकदा ती मुळातच चालू असते. हेतू चांगला: आतले पत्ते बाहेर कुणाला कळत नाहीत, म्हणून निरोप उघडून त्यात बाहेरचा पत्ता लिहून देणं. पण आजच्या फोन सेवा ही अडचण स्वतःच सोडवतात. परतीच्या जागी आतला पत्ता दिसला तर सर्व्हर तो बाजूला ठेवतो आणि पॅकेट जिथून आलं तिथेच पोच पाठवतो. एएलजीने बाहेरचा, दिसायला अस्सल पत्ता लिहिला की सर्व्हर त्यावर विश्वास ठेवतो. या राउटरने पत्ता बरोबर लिहिला आणि पोर्ट चुकीचा. पोच त्या पोर्टवर यायची, तिथे वाट पाहणारं कुणी नसायचं, राउटर ती टाकून द्यायचा. मदतीला धावलेल्याने केलेली लुडबुड. कार्यालयातून केलेल्या कॉलमध्ये पोच आपला फोन पाठवतो आणि ती सर्व्हरच्या पक्क्या पत्त्यावर जाते, म्हणून ते कॉल वाचत. आणि ॲप? ॲपचे निरोप टीएलएस या सांकेतिक पद्धतीने कुलूपबंद जातात. राउटरला पाकीट उघडताच येत नाही, म्हणून तो त्यात ढवळाढवळही करू शकत नाही.

इथे दोन रस्ते होते. राउटरमधली ही सोय बंद करायची, किंवा टेबलावरचे फोनही टीएलएसवर न्यायचे. पहिलं काम दोन मिनिटांचं. दुसऱ्यासाठी प्रत्येक फोनची मांडणी बदलायची, फोनचं घड्याळ बरोबर आहे का आणि सर्व्हरची ओळख पटवणारं प्रमाणपत्र चालतंय का बघायचं, कंपनीकडूनही बदल करून घ्यायचा. शिवाय एकदा निरोप कुलूपबंद झाले की मी आत्ता केली तशी तपासणी कार्यालयात बसून करणं अवघड. मी पहिला रस्ता निवडला. सोय बंद केली, राउटर पुन्हा सुरू केला, ताईंना बाहेरून फोन केला आणि आम्ही दोघं घड्याळाकडे बघत गप्प बसलो. तीस, एकतीस, बत्तीस, तेहेतीस. चाळिसाव्या सेकंदाला ताई म्हणाल्या, "आता काहीतरी बोला की."

"फाटला" या दुखण्याला वेळेचा वास होता. वहीत या नोंदी सकाळी कामकाज सुरू होताना आणि दुपारी तीनच्या सुमारास गर्दी करत होत्या. सकाळी सगळे संगणक एकदम चालू होऊन आपापल्या फायली वर चढवू लागत. दुपारी बाहेरचे तंत्रज्ञ परत येऊन दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ चढवत. एरवी पिंग, म्हणजे पॅकेट जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ, २० मिलिसेकंद, अशा वेळी ७०० च्या वर. अपलोडची वाट भरली की राउटर आणि मोडेम जास्तीची पॅकेटं फेकून न देता रांगेत उभी करतात, आणि आवाजाचं इवलंसं पॅकेट व्हिडिओच्या भल्या मोठ्या रांगेमागे ताटकळतं. फाइलला अर्धा सेकंद उशीर झाला तर कुणाला कळत नाही. बोलण्याचं तसं नाही. एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवावा, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीत आहे. त्यापुढे माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. आणि पॅकेटं कमीजास्त उशिराने आली की उशिरा आलेली सरळ टाकून द्यावी लागतात. तोच तो डबा वाजवल्यासारखा आवाज.

राउटरमध्ये रांगेचं न्याय्य वाटप करणारी एफक्यू-कोडेल ही सोय होती, ती चालू केली. अपलोडची मर्यादा मुद्दाम लाइनच्या क्षमतेपेक्षा थोडी कमी, साडेआठ मेगाबिट ठेवली. रांग मोडेमच्या पोटात लागण्याऐवजी राउटरच्या दारात लागली की तिला शिस्त लावता येते. संगणकांच्या फायली रात्री चढाव्यात असं लावलं. व्हिडिओ चढवताना पिंग ३५ ते ४० च्या घरात आलं. इथे एक पैसाही खर्च झाला नाही.

"घुमला" पाच मिनिटांत मिटला. बैठकीच्या खोलीत तीन जण तीन लॅपटॉप उघडून एकाच बैठकीत शिरत. एकाच्या स्पीकरचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये जाई. प्रत्येक लॅपटॉप स्वतःचा प्रतिध्वनी पुसू शकतो, शेजाऱ्याचा नाही. एकच माइक आणि एकच स्पीकर चालू, बाकीच्यांचं सगळं बंद. जाता जाता आणखी एकाची तक्रार मिटली. त्याच्या ब्लूटूथ हेडफोनवर गाणी सुरेख वाजत आणि बैठकीत आवाज विहिरीतून आल्यासारखा. माइक वापरायला घेतला की असे हेडफोन बहुधा दोन्हीकडून बोलण्याच्या साध्या पद्धतीवर उतरतात. लॅपटॉपचाच माइक निवडला आणि हेडफोन फक्त ऐकायला ठेवले, आवाज परत आला.

निकाल

पुढचे दोन महिने वही रिकामी राहिली. टेबलावरचे फोन पुन्हा कामाला लागले. जुन्या पेटीकडे परत जायचा विषय मॅडमनीच बंद केला, पण एक अट घालून: एक जुनी तारेची लाइन ठेवायची. ती मला मान्य होती. तारेच्या फोनला वीज टेलिफोन केंद्रातून त्याच तारेवरून येते, साधारण ४८ व्होल्ट. कार्यालयातली वीज गेली तरी तो वाजतो. नव्या फोनचं तसं नाही. राउटर, फोनच्या तारा एकत्र जोडणारा स्विच, फोन यांतलं एक जरी बंद पडलं तरी सगळंच मुकं. राउटर आणि स्विचला बॅटरीचा आधार दिला, तारेची ती एक लाइन ताईंच्या टेबलावर ठेवली आणि वीज गेली तर नंबर आपोआप मोबाइलकडे वळावा असं कंपनीकडे लावून घेतलं.

मग अडीच महिन्यांनी एका सकाळी ताईंचा फोन आला. नमस्कार वगैरे नाही. "सर, बत्तीस आलं परत."

रात्री राउटरने स्वतःहून नवी प्रणाली उतरवून घेतली होती आणि त्या भरात काही मांडणी मूळपदावर गेली होती. सिप एएलजी पुन्हा चालू. दहा मिनिटांत बंद केलं, पण सकाळचा एक तास गेला होता. त्याच आठवड्यात सगळे टेबलफोन टीएलएसवर नेले. एएलजी त्यानंतरही बंदच ठेवली आहे, पण ती चालू झाली तरी आता पाकीट उघडू शकत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत मोठी चूक माझ्या येण्याआधीची. फोन सेवा आणि राउटर एकाच दिवशी बदलले. दोन गोष्टी एकदम हलवल्या की कशामुळे काय बिघडलं ते शोधणं दुप्पट कठीण. दोन फोन आठवडाभर आधी नव्या सेवेवर टाकले असते तरी हा दोष पहिल्याच लांब कॉलला दिसला असता. सुट्टीच्या दिवशी बसवणाऱ्याने चाचणी घेतली होती, पण कशी? "हॅलो, ऐकू येतंय का? ठीक." सहा सेकंद.

दुसरी चूक माझी. दोन मिनिटांचा उपाय हाताशी आला आणि मी त्यावर थांबलो. राउटरची मांडणी बदलू शकते हे मला माहीत होतं. टीएलएसचं काम "पुढच्या महिन्यात" असं लिहून ठेवलं आणि वही रिकामी दिसली तसं ते मागे पडलं. निदान एएलजी बंद केल्याचा कागद राउटरवर चिकटवून ठेवायला हवा होता आणि आपोआप होणारी सुधारणा सुट्टीच्या रात्रीवर ढकलायला हवी होती. टीएलएसवर जाण्याचा तोटा मात्र खरा निघाला. आता निरोपांबाबत काही संशय आला की कंपनीकडून नोंद मागवावी लागते आणि ती यायला दिवस लागतो.

इंटरनेटची वरची योजना अजून चालू आहे. कराराची मुदत संपली की ती उतरवायची की अपलोड जास्त देणारी दुसरी घ्यायची, यावर संचालकांचं आणि माझं एकमत नाही. त्यांना २०० हा आकडा आवडतो.

एक गोष्ट राहिलीच आहे. तंत्रज्ञ ॲपवर बोलत बोलत कार्यालयातून बाहेर पडला की फाटकापाशी मोबाइल वाय-फाय सोडून मोबाइल नेटवर्क धरतो, त्याचा इंटरनेटवरचा पत्ता बदलतो आणि कॉल तीनचार सेकंद मुका होतो. कधी सावरतो, कधी तुटतो. कंपनीने ॲपच्या पुढच्या आवृत्तीचं आश्वासन दिलं आहे. तोवर तंत्रज्ञांनी आपला उपाय शोधला आहे: बाहेर पडायचं असलं की कॉल घेण्याआधीच वाय-फाय बंद करायचं. ताईंनी वहीत त्यासाठी चौथा शब्द मागून घेतला आहे, "फाटक".